वीज, विद्युत, लाईट, करंट आणि अंगावरचा काटा: नेमका शब्द कसा निवडायचा

जूनचा पहिला आठवडा होता. मी एका जिल्हा दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होते. साडेदहाच्या सुमारास तालुक्याच्या वार्ताहराची दोन ओळींची बातमी आली: 'विजेने दोन म्हशी दगावल्या'. बाहेर पाऊस सुरूच होता, ढग गडगडत होते. मी मथळा केला 'वीज कोसळून दोन म्हशी ठार' आणि पान सोडलं. तिसऱ्या दिवशी म्हशींचा मालक कात्रण घेऊन दारात उभा. वीज कोसळलीच नव्हती. वाऱ्याने खांबावरची तार तुटून बांधावर पडली होती आणि म्हशी त्या ओल्या बांधावरून गेल्या होत्या. भरपाईचा अर्ज घेऊन तो वीज कार्यालयात गेला, तर तिथे त्याच्यासमोर माझंच कात्रण ठेवलं गेलं: 'पेपरात तर वीज पडली असं आलंय, तहसीलला जा.'

आम्ही दुरुस्ती छापली. त्याचे हेलपाटे मात्र चुकले नाहीत. त्या माणसाचा ओलसर, चार घड्या पडलेला कागद मला अजून दिसतो. तेव्हापासून 'वीज' हा शब्द हाताखालून गेला की मी थांबते. पुढे भाषांतर आणि मुद्रितशोधन करताना या शब्दाचं सगळं गणगोत जवळून पाहिलं. त्यातून हाती आलेली रीत इथे पायरीपायरीने मांडते आहे. बातमी लिहिणारे, अर्ज लिहिणारे, भाषांतर करणारे, शाळेत निबंध तपासणारे, सगळ्यांना ती उपयोगी पडेल.

पहिली पायरी: वीज आकाशातली की तारेतली?

मराठीत एकच शब्द दोन ठिकाणी राहतो. संस्कृतातल्या विद्युत् या शब्दाचं प्राकृतात विज्जु झालं आणि त्यातून आपली वीज आली. हिंदीतली बिजली त्याच घरची. विद्युत् म्हणजे विशेष चमकणारी. 'द्युत्' म्हणजे चमकणे. हजारो वर्षं हा शब्द फक्त आकाशातल्या लखलखाटासाठी होता.

युरोपात नेमकं उलट झालं. तिथे या शक्तीचं 'इलेक्ट्रिसिटी' हे नाव अंबर नावाच्या पिवळ्या राळेच्या खड्यावरून पडलं. तो खडा लोकरीवर घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात. ग्रीकांचा 'एलेक्त्रॉन' तो हाच. त्या शब्दावरून विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० मध्ये या आकर्षणाला लॅटिन नाव दिलं. आकाशातली वीज आणि घासलेल्या खड्यातली शक्ती एकच आहे, हे १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलेल्या प्रयोगांनी दाखवलं. म्हणजे मराठीने नव्या शक्तीला जुन्या विजेचंच नाव दिलं, ते शास्त्राच्या हिशेबानेही चोख आहे. फक्त त्यामुळे एकाच नावाची दोन माणसं एका गावात राहायला आली, आणि पत्ता नीट लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर आली.

पत्ता ओळखायची सोपी खूण अनेकवचनात आहे. आकाशातल्या विजेला अनेकवचन आहे: विजा चमकल्या, विजांचा कडकडाट झाला. तारेतल्या विजेला नाही. 'कारखान्याला विजा लागतात' असं कुणी म्हणत नाही. शंका आली की मनातल्या मनात 'विजा' म्हणून बघा. वाक्य टिकलं तर ती ढगातली.

दुसरी खूण क्रियापदाची. आकाशातली वीज चमकते, लखलखते, लवते, कडाडते, पडते, कोसळते. तारेतली वीज येते, जाते, खंडित होते, वापरली जाते, चोरली जाते, तोडली जाते. 'वीज गडगडली' असं बऱ्याच निबंधांत वाचायला मिळतं, ते बरोबर नाही. ढग गडगडतात, वीज कडाडते. कडाडणे हा कोरडा, जवळचा, फुटल्यासारखा आवाज आहे. गडगडणे लांबून लोळत येतं. आजी अंगणातून वाळवण उचलताना नुसत्या आवाजावरून ठरवायची: 'गडगडतंय नुसतं, अजून वेळ आहे' किंवा 'कडाडली गं, आत या'. लहानपणी मला तो तिचा ठोकताळा वाटायचा. खरं तर तिच्या भाषेतच अंतराचं माप होतं.

माणूस किंवा जनावर दगावल्याची बातमी असेल तर 'विजेने' हा मोघम शब्द कधीही वापरू नका. 'वीज पडून' आणि 'विजेचा धक्का बसून' या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांची कागदपत्रंही वेगळ्या वाटेने जातात. वीज पडून कुणी गेलं तर ती नैसर्गिक आपत्ती: तलाठी पंचनामा करतो आणि महाराष्ट्रात वारसांच्या मदतीचं प्रकरण तहसीलदारांकडून पुढे सरकतं. तारेच्या धक्क्याने कुणी गेलं तर तो विद्युत अपघात. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे त्याची खबर द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होते. बातमीदाराने फोनवर 'विजेने' म्हटलं तर एकच प्रश्न विचारायचा: 'वरची की तारेची?' दहा सेकंदांचं काम आहे. मी त्या रात्री ते केलं नाही.

दुसरी पायरी: 'वीज' की 'विद्युत'?

अर्थ एकच, बसण्याची जागा वेगळी. वीज घरातली, विद्युत कचेरीतली आणि पुस्तकातली. पण म्हणून कुठेही कसंही अदलाबदल करता येत नाही, कारण दोघींच्या मैत्रिणी ठरलेल्या आहेत.

'वीज' रोजच्या शब्दांशी सहज जोडली जाते आणि जोडूनच लिहायची: वीजबिल, वीजचोरी, वीजदर, वीजग्राहक, वीजजोडणी, वीजपुरवठा, वीजनिर्मिती. आयटीआयमध्ये वायरिंग आणि यंत्रं शिकणारा मुलगा वीजतंत्री होतो, शेजारच्या वर्गातला तारतंत्री. हे दोन्ही शब्द मला फार आवडतात. घडवलेले आहेत, पण जिभेवर अडत नाहीत.

'विद्युत' संस्कृत वळणाच्या शब्दांबरोबर शोभते: विद्युत अभियंता, विद्युत निरीक्षक, विद्युत पारेषण. राज्यात १९६० मध्ये स्थापन झालेल्या मंडळाचं नाव 'महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ' होतं. ६ जून २००५ पासून त्याच्या कंपन्या झाल्या आणि तीन सुटसुटीत नावं आली: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. वीज तयार करणं, ती उच्चदाबाने लांबवर नेणं आणि घराघरांत पोहोचवणं, ही तीन कामं या तीन शब्दांत अगदी स्वच्छ वेगळी झाली आहेत. पारेषण हा शब्द बातमीत अवघड म्हणून टाळला जातो आणि त्याच्या जागी 'वितरण' येतं. तसं करू नये. मोठ्या मनोऱ्यांवरच्या तारा पारेषणाच्या, गल्लीतल्या खांबांवरच्या वितरणाच्या. गोव्यात सरकारी विभागच आहे आणि त्याचं नाव साधं, सुंदर 'वीज खातं'.

विशेषण हवं असलं की हल्ली 'विद्युतीय' लिहिलं जातं. मराठीला त्याची गरज पडत नाही. 'विजेचा', 'विजेची', 'विजेवर चालणारी' यांनी काम भागतं. विद्युतीय उपकरणं म्हणण्यापेक्षा विजेची उपकरणं म्हणा, वाक्य लगेच मोकळं होतं.

शुद्धलेखनाचं थोडक्यात. 'वीज' दीर्घ, पण विभक्ती लागली की ह्रस्व: विजेचा, विजेने, विजेवर. मीठ-मिठाचा, वीट-विटेचा, तशीच वीज-विजेची. 'वीजेचा' चूक, आणि पाट्यांवर दिसणारं 'विज बिल'ही चूक. 'विद्युत' मध्ये द्यु ह्रस्व. शेवटच्या त चा पाय मराठीत मोडायचा नाही. मात्र संस्कृत संधी झाला की तो त रूप बदलतो: विद्युल्लता, विद्युद्दीप. हे जोडशब्द नवे घडवत बसू नका, रूढ आहेत तेवढे वापरा.

तिसरी पायरी: बोलण्यातले शब्द कुठे ठेवायचे

'लाईट गेली.' महाराष्ट्रात हे वाक्य न ऐकता पावसाळा जात नाही. कुणी 'लाईट गेले' म्हणतं, जुनी माणसं 'दिवे गेले' म्हणतात, विदर्भात 'लाईन गेली', बेळगावकडे आणि गोव्यात 'करंट गेला' असंही कानावर येतं. वीज घरात पहिल्यांदा दिव्याच्या रूपाने आली, म्हणून दिव्याचंच नाव तिला पडलं. पंखा बंद पडला, पाण्याची मोटर थांबली, तरी आपण 'लाईट गेली' म्हणतो आणि महिन्याला 'लाईट बिल' भरतो. संवादात, गोष्टीत हे शब्द तसेच ठेवा. बारामतीच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'वीजपुरवठा खंडित झाला' घातलंत तर तो माणूस मेलाच.

गावाकडच्या विजेचा शब्दसंग्रह तर वेगळाच आहे आणि तो कोशात कमी, बांधावर जास्त सापडतो. रोहित्राला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, 'डीपी' म्हणतात: 'डीपी जळाली, आठ दिवस झाले.' चोरून तारेवर जोड टाकणं म्हणजे 'आकडा टाकणं'. तीनपैकी एका तारेची वीज गेली की 'फेज गेला'. दाब कमी असला की 'लाईट डिम आहे'. रानडुकरं पिकात येऊ नयेत म्हणून कुंपणाला लावतात ती 'झटका मशीन'. हातात धरायच्या दिव्याला छापील मराठीत विजेरी म्हणतात, पण रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस 'बॅटरी घे गं' असंच म्हणतो.

अर्ज लिहिताना काय करायचं? दोन्ही लिहायचं. 'आमच्या वस्तीवरील रोहित्र (डीपी) दिनांक अमुकपासून नादुरुस्त आहे.' पहिला शब्द कार्यालयाच्या नोंदीशी जुळतो, दुसरा वायरमनला समजतो. 'भारनियमन' आणि 'लोडशेडिंग' यांचंही तसंच, आणि तिथे एक सावधगिरी हवी: ठरवून, वेळापत्रकाने वीज बंद ठेवली तर भारनियमन, फांदी पडून गेली तर तो बिघाड. तक्रारीत बिघाडाला भारनियमन लिहिलंत तर तुमची तक्रार तक्रार म्हणून वाचलीच जाणार नाही.

'करंट' आणि 'शॉक' यांत लोक फार गल्लत करत नाहीत. करंट तारेत असतो, शॉक माणसाला बसतो. 'करंट लागला' म्हणजेही शॉक बसला. छापील मराठीत 'विजेचा धक्का' पुरेसा आहे. पाठ्यपुस्तकात करंटला विद्युतधारा म्हणतात. त्यात दिशा न बदलणारी ती दिष्ट आणि सतत दिशा पालटणारी ती प्रत्यावर्ती. आपल्या घरात २३० व्होल्ट दाबाची, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी प्रत्यावर्ती धारा येते. फ्यूजला वितळतार म्हणतात. हा शब्द मुलांना एकदा सांगितला की फ्यूज काय करतो हे वेगळं शिकवावं लागत नाही.

चौथी पायरी: शक्ती, ऊर्जा, पॉवर, युनिट

वर्तमानपत्रांत सर्वांत जास्त चुका इथे होतात. ऊर्जा म्हणजे काम करण्याची पुंजी. शक्ती म्हणजे ती पुंजी किती वेगाने खर्च होते किंवा तयार होते तो दर. वॅट, किलोवॅट, मेगावॅट ही शक्तीची मापं. युनिट हे ऊर्जेचं: १ किलोवॅटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट.

शेतातली साडेसात अश्वशक्तीची मोटर घ्या. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ही मोटर सुमारे ५.६ किलोवॅटची. ती शक्ती झाली. तासभर पाणी दिलं की साधारण ५.६ युनिटं गेली. ती ऊर्जा झाली. 'मोटर ५ युनिटची आहे' हे वाक्य म्हणूनच अर्थहीन आहे, जसं 'माझी गाडी ६० किलोमीटरची आहे'.

आता मोठं उदाहरण. 'कोयना प्रकल्पात १९६० मेगावॅट वीज तयार होते' असं आपण सर्रास वाचतो. १९६० मेगावॅट ही त्या प्रकल्पाची स्थापित क्षमता आहे, सगळी जनित्रं पूर्ण जोराने फिरली तरचा दर. प्रत्यक्ष किती वीज झाली ते दशलक्ष युनिटांत मोजतात आणि ते धरणातल्या पाण्यावर, मागणीवर ठरतं. लिहायचं असं: 'प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे; या वर्षी तिथे इतके दशलक्ष युनिट वीजनिर्मिती झाली.' क्षमता आणि निर्मिती हे दोन शब्द शेजारी ठेवले की चूक होतच नाही.

'पॉवर' हा शब्द मी लिखाणात टाळते. विजेचा जोर, चष्म्याचा नंबर, मंत्रिपद, यंत्राची ताकद, सगळ्याला बोलण्यात पॉवरच म्हणतात. बोलताना हातवारे असतात म्हणून भागतं, कागदावर भागत नाही.

पाचवी पायरी: विजेची जुनी नावं

कविता, निमंत्रण, नाटकाचं नाव, मुलीचं बारसं, अशा कामांसाठी पोटलीतले दागिने काढायचे असतात. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, विजेची दहा नावं एकाच श्लोकात ओवली आहेत: शम्पा, शतह्रदा, ह्रादिनी, ऐरावती, क्षणप्रभा, तडित्, सौदामनी, विद्युत्, चंचला, चपला. दहाही स्त्रीलिंगी. मराठीत यांतली सौदामिनी, चपला, चंचला, तडित एवढी जिवंत आहेत. विद्युल्लता आणि दामिनी यांची भर पुढे पडली.

समानार्थी म्हणून यादी पाठ करण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक नाव विजेचा वेगळा गुण सांगतं. क्षणप्रभा म्हणजे जिचा उजेड क्षणभरच टिकतो. ह्रादिनीत आवाज आहे. चपला आणि चंचला एका जागी न ठरणाऱ्या. म्हणून चपला हे लक्ष्मीचंही नाव. विद्युल्लता म्हणजे वेलीसारखी, फांद्या फुटत जाणारी. कधी रात्री समुद्रावर वीज पडताना बघा, वरच्या ढगातून खाली येताना तिला खरंच फुटवे येतात. ज्याने हे नाव पहिल्यांदा उच्चारलं त्याने ती नीट पाहिली होती. तेव्हा वेग सांगायचा असेल तर चपला, आकार सांगायचा असेल तर विद्युल्लता, रुबाब सांगायचा असेल तर सौदामिनी. बिजली मराठीत आली ती लावणीतून, तमाशातून आणि तालमीतून: नाचणारीचे पाय, घोडी, पैलवानाचा डाव, यांना बिजलीच म्हणावं, वीज तिथे फिकी पडते.

यांतलं एक नाव तर शेतकऱ्याच्या खिशात आलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं, आसपास वीज पडण्याचा इशारा देणारं मोबाईल ॲप आहे, त्याचं नाव 'दामिनी'.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. 'विद्या' आणि 'विजेता' यांचा विजेशी काही संबंध नाही. विद्या 'विद्' म्हणजे जाणणे यातून आली, विजेता 'जि' म्हणजे जिंकणे यातून.

सहावी पायरी: विजेसारखं 'वाटणं'

आता खरी अवघड जागा. इंग्रजीत विजेचाच 'इलेक्ट्रिक' हा शब्द उत्साहासाठी, भारलेल्या गर्दीसाठी सहज वापरतात. तिथून भाषांतर करताना 'मैदानात विद्युतीय वातावरण होतं' अशी वाक्यं जन्माला येतात. वाचणाऱ्याला वाटतं रोषणाई केली असावी.

मराठीत वीज भावनेच्या प्रांतात येते, पण ठरावीक दारांनीच. वेग सांगायला: 'विजेच्या चपळाईने झेल घेतला'. अचानक अरिष्ट सांगायला: 'बातमी ऐकून डोक्यावर वीज कोसळली'. आणि अंगातून काही सर्रकन गेलं हे सांगायला: 'अंगात वीज संचारली', बोलण्यात 'अंगातून करंट गेल्यासारखं झालं'. मराठी वीज वेगाची आणि संकटाची जास्त आहे, आनंदाची कमी. तिच्याकडून जल्लोषाचं काम करून घेऊ नये.

मग उत्साहाचे शब्द कुठे शोधायचे? मला चार ठिकाणं सापडली आहेत.

पहिलं आपलं शरीर. अंगावर काटा येतो, शहारा येतो, रोमांच उभे राहतात, छाती धडधडते, बाहू स्फुरण पावतात, रक्त सळसळतं. हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रोमांच आनंदाचे किंवा भक्तीचे. शहारा थंडीचा, भीतीचा, स्पर्शाचा. थरार शब्दातच थरथर आहे, त्यामुळे त्यात भीतीचा अंश हवाच. म्हणून कडा चढणं थरारक असतं, पण वारीतला रिंगणसोहळा पाहताना रोमांच येतात. काटा मात्र दोन्हीकडे चालतो: भुताच्या गोष्टीने येतो आणि शाळेत हजार मुलांनी एका सुरात राष्ट्रगीत म्हटलं तरी येतो.

दुसरं ठिकाण मंत्र आणि दैवत. 'भारलेलं वातावरण' हा आपला शब्द विजेच्या भाराशी किती जवळचा वाटतो! पण तो फार जुना आहे. दोरा भारतात, अंगारा भारतात, मंत्राची शक्ती वस्तूत उतरवतात. त्यावरून भारलेली सभा, भारलेला काळ, भारावलेली माणसं. 'संचार' ही तिथलाच: देवी अंगात संचारते तसा उत्साह संचारतो. 'वारं भरलं' हेही तसंच. वीज यायच्या आधी आपल्या लोकांनी माणसांच्या गर्दीतली ती अदृश्य ओढ ओळखली होती आणि तिला नावं दिली होती, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. इंग्रजीतला तो शब्द दिसला की मी आधी 'भारलेलं' बसतं का ते बघते. दहातल्या सहा वेळा बसतं.

तिसरं ठिकाण पाणी: उत्साहाला उधाण येतं, आनंदाला भरतं येतं, गर्दी उसळते, बातमीने खळबळ माजते. खळबळ ढवळलेल्या पाण्याची, म्हणून तिच्यात गढूळपणा आहे; चांगल्या बातमीने खळबळ माजत नाही.

चौथं अग्नी: माणूस पेटून उठतो, ईर्षेला पेटतो, मैदान तापतं. इथे एक सापळा आहे. 'दोघांमध्ये ठिणगी पडली' हे इंग्रजीवरून प्रेमाच्या गोष्टीत येऊ लागलं आहे. मराठीत ठिणगी पडली म्हणजे भांडण लागलं.

असाच दुसरा सापळा 'उत्तेजना'. हिंदीत तो उत्कंठेचा शब्द आहे. मराठीत उत्तेजन म्हणजे प्रोत्साहन, म्हणून तर निबंध स्पर्धेत 'उत्तेजनार्थ बक्षीस' असतं. उत्तेजक म्हटलं की खेळाडूंनी घेतलेली बंदी असलेली औषधं आठवतात. तेव्हा 'प्रेक्षक उत्तेजित झाले' असं चुकूनही लिहू नका.

आणि 'मी खूप एक्सायटेड आहे' याचं काय करायचं, हा प्रश्न मला तरुण भाषांतरकार नेहमी विचारतात. नामाच्या मागे लागू नका. मराठी माणूस हे क्रियापदांनी सांगतो: 'कधी एकदा गावाला जाते असं झालंय', 'रात्रभर झोप नाही आली', 'नुसती हरखून गेलीये', 'पाय जमिनीवर ठरेना'. या प्रत्येकात उत्साह आहे आणि उत्साह हा शब्द कुठेच नाही.

कुस्तीच्या मैदानावर हे सगळं एकत्र ऐकायला मिळतं. कोल्हापूरच्या खासबागेत एकदा मी दुपारभर बसले होते. शेवटची जोड माती अंगाला लावून उतरली, तोपर्यंत लोक शेंगा खात गप्पा मारत होते. पहिल्या पैलवानाने शड्डू ठोकला आणि हलगी कडाडली. तेच क्रियापद, विजेचं. शेजारच्या आजोबांनी शेंगांची पुडी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि फेटा सावरला. म्हणाले, 'आता रंग भरणार बघा.' तिकडे कुणी विद्युत म्हटलं नाही, ऊर्जा म्हटलं नाही. रंग भरला, रंगत आली, चुरस लागली, चेव चढला. हे शब्द खेळाच्या बातमीत परत यायला हवेत. 'हाय व्होल्टेज सामना' लिहिणारे माझे तरुण सहकारी हुशार आहेत, पण त्यांनी एक दुपार तिथे बसावं.

सातवी पायरी: लिहून झाल्यावर तपासणी

एक परिच्छेद घेऊन करून बघू. कबड्डीच्या सामन्याची अशी बातमी टेबलावर आली आहे असं समजा:

'अंतिम सामन्यात विद्युतीय वातावरण होते. प्रेक्षक उत्तेजित झाले होते. दोन्ही संघांत सकारात्मक ऊर्जा दिसत होती. अचानक वीज कट झाल्याने प्रेक्षकांना शॉक बसला. काही वेळाने वीज पूर्ववत झाली व थरारक विजय मिळवत संघाने रोमांच निर्माण केला.'

आधी वीज कुठली ते पाहू. तारेतली आहे आणि गेली आहे. 'कट झाली' कशाला, 'गेली' म्हणू. 'शॉक बसला' इथे धोक्याचं आहे, कुणाला खरंच धक्का बसला असं वाटेल. लोकांचा हिरमोड झाला. 'वातावरण' आणि 'ऊर्जा' या दोन्ही शब्दांनी काहीच दिसत नाही, तेव्हा लोक काय करत होते ते वार्ताहराला विचारू. तो सांगतो, कठड्यावर पोरं हलगी घेऊन चढली होती, दिवे गेल्यावर मोबाईलचे उजेड लागले आणि कुणी जागचं हललं नाही. रोमांच कुणी निर्माण करत नाही, ते अंगावर उभे राहतात. आणि इथे भीती नव्हती, तेव्हा थरारही नको. चुरस होती. आता लिहू:

'अंतिम सामना सुरू होण्याआधीच मैदान भारलं होतं. पोरं हलगी घेऊन कठड्यावर चढून बसली होती. उत्तरार्धात गुणांची चुरस लागली असतानाच लाईट गेली. क्षणभर सगळ्यांचा हिरमोड झाला, मग एकेक करत मोबाईलचे उजेड लागले. वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. दिवे आले तसा शेवटचा चढाईपटू मांडी थोपटत मध्यरेषेकडे निघाला आणि कठड्यावर पुन्हा हलगी कडाडली.'